दाईबाईंची सहा मिनिटं

चला, लावा पैज. गोष्ट अर्ध्यावर आली की मी थांबणार. तुमच्यातल्या कुणी शेवट ओळखला, तर उद्यापासून माझी सायकल त्याची. ए चष्मिष, हसतोस काय? ब्रेक लागत नाही म्हणून काय ती सायकल नाही? आजवर चौदा जणांनी पैज लावली आणि सायकल अजून माझ्याच दारात उभी आहे. काय ते समजा.

आणि मध्येच, "काका, भूत दिसायला कसं होतं?" असं कुणी विचारलं तर कान पिळीन. या गोष्टीत दिसत काहीच नाही.

तर माझ्या शेजारी एक पोरगी राहायची. एवढीशी, आणि दिवसभर चिवचिव, म्हणून सगळे चिमणी म्हणायचे. आई-बाप लहानपणीच गेलेले. वाढवली आत्यानं. आत्या बस स्टँडवर माइकवरून गाड्या सांगायची. "अमुक गाडी, फलाट क्रमांक तीन." सगळं गाव त्या आवाजावर धावायचं. आणि बाई नकला काय करायची! एकदा डेपो मॅनेजरच्या आवाजात ड्रायव्हरला असा झापला, की तो बिचारा खऱ्या मॅनेजरची माफी मागून आला.

जुन्या पोस्टात तेव्हा म्युझियम सुरू होणार होतं. सरकारी नाही, गावातल्या लोकांचंच. पुढच्या खोलीत लोकांनी काढलेली चित्रं, मागच्या खोलीत लोकांनी घरातून आणून दिलेल्या जुन्या वस्तू. स्टँड सगळे मी बनवलेले. प्रत्येक स्टँडला एक बटण आणि कानाला लावायचा हेडफोन. बटण दाबलं की ज्याची वस्तू त्याचाच आवाज. सहा मिनिटं.

चिमणी तिथं इंटर्न लागली. म्हटलं, "इंटर्न म्हणजे काय गं?"

म्हणाली, "मिस्त्रीकाका, काम सगळं करायचं, पगार नाही."

म्हटलं, "अगं, मग मी घरी तीस वर्षं इंटर्नच आहे."

इंटर्न दोघं होते. उद्घाटन झालं की म्युझियम बघणाऱ्या मॅडम एकालाच ठेवणार होत्या, पगारावर. आत्याच्या एकटीच्या पगारात घर चालायचं. चिमणीला ती जागा हवीच होती.

तिचं काम, लोकांच्या घरी जाऊन आवाज टेप करून आणायचा. असं करत गेली दाईबाईंकडे. नव्वदीच्या होत्या. तोंडात दात नाही एक. अर्धं गाव त्यांच्या हातून जन्मलं. मलाही त्यांनीच ओढून काढला, म्हणून डोकं हे असं लांब. त्यांनी म्युझियमला बाळं तोलायचा काटा दिला होता, पितळी ताटलीचा.

दोन तास बोलल्या बाई. शेवटी म्हणाल्या, "आता एक शेवटचं. आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. माझ्यामागं कुणीतरी विचारायला येईल, त्याला हे यात सापडू दे." समोर टेपचा लाल दिवा लुकलुकत होता. बाईंनी विचारलं, "होतंय ना नीट?"

चिमणी म्हणाली, "हो आजी."

त्या मशीनची गंमत अशी. एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो. म्हणजे मशीन फक्त तयार. दुसऱ्यांदा दाबायचं, मग दिवा स्थिर होतो, आणि मग टेप सुरू.

चिमणीनं एकदाच दाबलं होतं.

म्युझियममध्ये येऊन बघते तर काही नाही. मॅडमना सांगायची हिंमत झाली नाही. परत जाऊन करू म्हणाली. उद्या जाते, परवा जाते. अकराव्या दिवशी दाईबाई गेल्या.

पोरगी माझ्याकडे येऊन रडली. बाकीचं आठवतंय म्हणाली. पण शेवटचं जे होतं, दोन बाळंतिणींचं, त्यातली नावंच आठवत नव्हती. घरं कुठली, तेही नाही. दमली होती, घड्याळ बघत होती तेव्हा.

मग एकाला कल्पना सुचली. "अगं, रडतेस काय? तुझी आत्या आहे ना! कुणाचाही आवाज काढते."

कुणाला सुचली? मलाच. आणखी कुणाला असलं सुचणार?

आत्या आधी नको नको म्हणाली. मेल्या माणसाची नक्कल करू नये म्हणाली. पण पोरीचं तोंड बघितलं. डोक्यावरून गोधडी घेतली आणि स्वयंपाकघरात बसून मशीनसमोर सहा मिनिटं बोलली. तोच थरथरता आवाज. तेच बोळकं. दोन बाळंतिणींचं तेवढं गाळलं. नावं नाहीत तर सांगणार काय? मॅडमनी ऐकलं, डोळे पुसले. म्हणाल्या, "बाई समोर बसल्यासारख्या वाटतात."

बोला. ओळखा शेवट.

चिमणी मेली? नाही. आत्या मेली? नाही रे. दाईबाई हेडफोनमधून हात काढतात? तू सिनेमे कमी बघ. सायकल माझीच. ऐका आता.

उद्घाटन शुक्रवारी होतं. आदल्या गुरुवारी रात्री चिमणी म्युझियममध्ये एकटी. एकेक बटण दाबून शेवटचं तपासत होती. मी आत्याकडे चहाला. नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती. नेमकं कसं माहीत? आत्या घड्याळ बघून म्हणाली होती, "पोरगी आली नाही अजून."

मी म्हटलं, "येईल. तोवर दाईबाईंचं एकदा होऊन जाऊ दे की."

ती म्हणाली, "मिस्त्री, तुम्हाला लाज नाही."

पण सुरू केलं. दोन वाक्यं बोलली. मी हसलो.

मग आवाज गेला.

रेडिओ बंद करावा तसा. आवाज नाही. तोंड मात्र चालूच. गाल आत गेले. ओठ आत वळले. हनुवटी वर आली, पार नाकाला टेकायला. डोळे माझ्याकडे. वटारलेले.

मला वाटलं, चेष्टा करते.

मी टाळ्या वाजवल्या रे.

म्हटलं, "वा! आता आवाजसुद्धा आमच्यावर सोडला!"

तिनं माझं मनगट धरलं. नखं रुतली. तोंड थांबेना.

मिनिट गेलं... दोन...

तिचा मोबाइल वाजला. चिमणी. मीच उचलला.

"काका... सहा मिनिटं संपली... तरी चालूच आहे... आत्या कुठंय?"

"इथंच आहे. समोर."

"काका, हे ऐका..."

तिनं हेडफोन फोनला लावला.

बारीक आवाज. थरथरता.

"...आता एक शेवटचं. त्या रात्री दोघी एकदम अडल्या. एकीचं रडलं. एकीचं... रडलं नाही..."

समोर आत्याचे ओठ.

एकीचं. रडलं. नाही.

तेच. त्याच वेळी.

"...मी अदलाबदल केली. अंधारात. जिचं रडलं तिला पाच होती. जिचं गेलं तिला एकही नाही. जिचं रडलं ती बाई म्हणजे..."

चिमणी किंचाळली. खाट्... काहीतरी तुटलं. तिनं वायर उपटली होती.

आत्याचं तोंड मिटलं.

...

काय? नाही, थांबलो नाही. पाणी दे.

आत्याला काही झालं नाही म्हणावं तर झालं नाही. डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. म्हणाले, "सगळं ठणठणीत आहे." पण आवाज परत आला नाही. कुजबूजसुद्धा नाही. चिमणीनं दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. नोकरी दुसऱ्याला गेली. ते सहा मिनिटांचं काढून टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात एक माणूस म्युझियममध्ये आला. साठीचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. टोपी हातात. म्हणाला, "आई जाताना म्हणाली, तू माझ्या पोटचा नव्हेस, असं मला कायम वाटत आलं. दाईला विचार. इथं त्यांची टेप आहे म्हणे?"

चिमणीच समोर होती. राहिलेलं सामान न्यायला आलेली. तिनं झालं ते सगळं सांगितलं, आणि तिला घेऊनच तो आत्याकडे आला. गुरुवार होता, बोलता बोलता रात्र झाली. मी तिथंच होतो, तेव्हा रोज जायचो. आत्या भाजी निवडत होती. नऊ वाजून अठरा मिनिटं झाली आणि... तिचे गाल आत गेले. ओठ चालू झाले. चार मिनिटं. मास्तर तिच्या तोंडाशी कान लावून बसला. श्वास लागत होता म्हणाला. बाकी काही नाही.

आत्याला नंतर विचारलं. काहीच आठवत नाही, अशी तिनं खूण केली.

पुढच्या गुरुवारी चिमणी मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतल्या बाईंना घेऊन आली. नुसत्या ओठांवरून त्या सगळं बोलणं ओळखतात. बाई समोर बसल्या. दोन मिनिटं बघितलं. उठल्या, चप्पल घातली.

"मला नाही कळणार," म्हणाल्या. "या तोंडात दात नाहीत."

पोरांनो, आत्याचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. सुपारी फोडते अजून.

तिला आता पार्सलच्या खिडकीवर बसवलंय. स्टँडवर मशीन बोलतं. चिमणी दोन घरी शिकवण्या घेते. आणि मास्तर दर गुरुवारी येतो. वही घेऊन. आत्यासमोर खुर्ची ओढतो, चष्मा पुसतो, आणि त्या ओठांकडे बघत बसतो. चार वर्षं झाली. वहीत अजून एक अक्षर नाही.