घोटीतली हरवलेली भेटवही

तपासणीच्या दिवशी सकाळीच घरभेटींची वही नाहीशी झाली.

२००४ सालची गोष्ट. घोटीतल्या मानसोपचार केंद्राचं काम ठरलेल्या पद्धतीनं चालतं का, हे बघायला प्रतिभा नाशिकहून आली होती. पद्धतीचा पहिलाच नियम असा, की रुग्ण कोणा एकीचा नसतो. सगळ्या कार्यकर्त्यांनी आळीपाळीनं त्याच्या घरी जायचं. त्याचा पुरावा त्या वहीतच होता.

केंद्रप्रमुख हर्षल घामाघूम झाला होता. प्रतिभाला मात्र आत कुठंतरी बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वी ही खुर्ची तिला हवी होती; मिळाली त्याला. वही नाही म्हणजे शून्य गुण.

तरी तिनं विचारपूस सुरू केली. आधी नवी कार्यकर्ती सृष्टी.

"वही शेवटची कोणी पाहिली?"

"मीच. काल संध्याकाळी आपल्या रुग्णाच्या, बहिरूच्या घरून आले, नोंद केली, कपाटात ठेवली."

"त्या भेटीबद्दल कोणाशी बोललात?"

"नाही मॅडम. केंद्रात कोणीच नव्हतं."

मग लंकाबाई, केंद्रातल्या सगळ्यात जुन्या.

"मी काल दुपारीच घरी गेले. सकाळी कपाट उघडलं, तर वही नाय."

"सृष्टीशी बोलणं झालं?"

"मी तिच्याशी बोलतच नाय. तिला काम जमत नाय, ताई. काल बी बहिरूच्या बंद दारावरनं माघारी आली. तिनंच लपवली असंल."

प्रतिभा तडक बहिरूच्या घरी गेली. त्याची आई कुसाबाई दारातच उभी राहिली.

"सृष्टीला दार का उघडत नाही?"

"लंकाबाई बोलल्या, ती पोरगी त्याला न्येऊन कोंडून घालील."

"कालपासून लंकाबाई भेटल्या तुम्हाला?"

"नाय. सोमवारपासनं आल्याच नाय."

केंद्रात परतून प्रतिभानं तिघांना समोर बसवलं.

"लंकाबाई, काल दार बंद होतं हे तुम्हाला कसं कळलं? सृष्टी बोलली नाही, कुसाबाई भेटल्या नाहीत. ते फक्त वहीत लिहिलं होतं. म्हणजे आज सकाळी वही तुमच्या हातात होती. सृष्टीच्या प्रत्येक फेरीला दार बंद, हे मी वाचलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं. म्हणून तुम्ही ती लपवलीत."

लंकाबाईंनी पिशवीतून वही काढली.

"सहा वर्सं तो माझ्याच हातनं गोळी घेतो," त्या म्हणाल्या. "चार महिने त्वांड उघडलं नव्हतं. पहिल्यांदा बोलला तो माझ्याशी. आता म्हणता, वाटून घ्या."

"किती गुण?" हर्षलनं हळूच विचारलं.

"या नियमाला कमीच. बाकीचं वही बघून." प्रतिभानं वही पुढ्यात ओढली. "पण दुसऱ्या तपासनिसालाही बोलाव. सकाळी वही गेल्याचं ऐकून मला बरं वाटलं होतं, हर्षल."

हर्षलनं मान डोलावली. मग लंकाबाईंना म्हणाला, "सृष्टीला घेऊन बहिरूकडे जा. ओळख तुम्हीच करून द्यायची."

लंकाबाई उठल्या. सृष्टीकडे न बघता म्हणाल्या, "दार जोरात वाजवू नको. त्याला भ्याव वाटतं."