धक्क्यावरचं घरचं माणूस

“समुद्र कुणाच्या बापाचा नाही, पण त्यावर डौलानं फिरणारी ही जहाजं माझ्या बापाची आहेत!” टेबलाच्या टोकाशी उभं राहून दादांनी गर्जना केली, आणि त्या आवेशात त्यांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. आलिशान प्रवासी जहाजांच्या नामांकित कंपनीचा तो मालक चमचा घेऊन बिस्किटामागे धावला; पण ते बुडालंच.

“माझ्याही बापाची आहेत,” धाकटे भाऊ शांतपणे म्हणाले. “बाप एकच होता, असं आई तरी सांगायची.”

वकिलानं खोकून हसू लपवलं. वहिनींनी नवऱ्यापुढे, म्हणजे दादांपुढे, दुसरा कप सरकवला. हसावं की रडावं! या दोन भावांना एकाच ताटात जेवताना त्यांनी पाहिलेलं... आणि आज एक जण दुसऱ्याला साखर द्यायलाही वकिलाकडे बघत होता.

मामंजींना मुलगे दोन आणि जहाजं तीन. घोळ सगळा तिथेच होता. वाटणीत ‘थोरली’ दादांकडे गेली, ‘धाकटी’ धाकट्याकडे, म्हणजे भाऊजींकडे. ‘मधली’वरून मात्र दोघे असे हट्टाला पेटले, की वकिलानं सोपा उपाय काढला: विकून टाका. एक हॉटेलवाला तयारच होता. तो तिची इंजिनं काढून तिला खाडीत कायमची बांधणार होता, आणि वर वाढदिवसाच्या पार्ट्या करणार होता.

‘मधली’! या दोन भावांनी जीव ओतून घडवलेली. आतलं सारं दादांचं : वादळात ताटं घसरू नयेत म्हणून टेबलांवर ओलसर कापडं अंथरायची युक्ती त्यांची, आणि कुठल्या आजीबाईंना उशी कडक लागते हे पुढच्या सफरीलाही लक्षात ठेवणारे तेच. बाहेरचं सारं भाऊजींचं : इंजिनाच्या आवाजावरून ते तिची तब्येत सांगत, आणि पितळी कठड्यावर बोटाचा ठसा दिसला तर अन्न गोड लागत नसे त्यांना. एकानं माणसांना जहाजावर रमवलं, दुसऱ्यानं सुखरूप परत आणलं... अशी जोडी दर्यावर दुसरी नव्हती! आणि ही जोडीच आता जहाजापायी फुटत होती.

“आज दुपारची तिची शेवटची सफर,” वकील म्हणाला. “परतली की सह्या.”

वहिनी उठल्या.

मामंजींचा एक नियम होता. घरचं माणूस धक्क्यावर उभं राहून रुमाल हलवत नाही, तोवर जहाजाचे दोर सोडायचे नाहीत. “जिथून निरोप मिळत नाही, तिथे परतावंसं कुणाला वाटेल?” ते म्हणत. हे काम वहिनींकडे होतं. कारण त्यांना बोट लागायची. निदान घरात तसा समज होता. ऐन तारुण्यापासून त्या सगळ्या जगाला निरोप देत आल्या होत्या, आणि स्वतः त्यांनी जहाजाच्या जिन्यावर पाऊलही ठेवलं नव्हतं.

दुपारी दोघे भाऊ दोन गाड्यांतून बंदरावर आले. आले कशाला, तर दुसऱ्यानं चांदीचे चमचे हलवू नयेत म्हणून! पाहतात तो ‘मधली’ जागीच. जहाज ओढून बाहेर नेणाऱ्या ओढबोटी ताटकळलेल्या, प्रवासी कठड्याशी गोळा झालेले, आणि धक्क्यावर नेहमीची जागा मोकळी.

“कप्तान, सोडा ना दोर!” दादा ओरडले.

“निरोप नाही मिळाला, साहेब!” वरून कर्ण्यातून कप्तानाचा आवाज आला.

“आमच्या वहिनी कुठायत?” भाऊजींनी विचारलं.

“इथे आहे मी!” कप्तानाच्या शेजारून वहिनींनी हात वर केला.

दादा पांढरे पडले. “अगं, तू वर कशी? तुला बोट लागते!”

“बोटीत बसलेच नाही जन्मात, लागेल कुठून?” वहिनींनी कप्तानाच्या हातातला कर्णा घेतला, आणि इतकी वर्षं उरात कोंडलेलं सारं एकदम ओठांवर आलं. “आठवते का ‘थोरली’ची पहिली सफर? सगळी तिकिटं गेलेली, घरच्यांसाठी एकच केबिन उरलेली. तुमच्या-माझ्या नव्या संसाराची ती पहिली सहल होती हो! आणि भाऊजी तापातून उठलेले, सुकलेल्या तोंडानं दारात उभे... मागतही नव्हते बिचारे. मी म्हटलं, मला बोट लागते. माझ्या जागी त्यांना न्या.”

भाऊजी धक्क्याच्या कडेपर्यंत आले. त्या सफरीवरून परतलेला तो मुलगा पुन्हा कधी जमिनीचा झालाच नव्हता! “वहिनी... ती केबिन तुमची होती?”

“होती. दिली. दुःख त्याचं नाही, भाऊजी. त्या केबिनीत दोघे भाऊ एका पांघरुणात झोपलात, हे ऐकून मी धन्य झाले होते! आणि आज त्याच भावांनी माझी ‘मधली’ खाडीत बांधावी?”

कठड्याशी हुंदके फुटले. एका प्रवाशाला हा करमणुकीच्या कार्यक्रमाचाच भाग वाटला. डोळे पुसत त्यानं दुसरा खेळ कधी, म्हणून वेटरला विचारलं.

“आता निरोप तुम्ही द्यायचा!” असं म्हणून वहिनींनी वरून एक भलंमोठं पांढरं कापड खाली सोडलं. भोजनगृहातल्या सर्वांत लांब टेबलावरचं.

“अगं, इस्त्रीचं आहे ते!” दादा कळवळले, आणि जमिनीला लागू नये म्हणून त्यांनी धावत जाऊन एक टोक झेललं. दुसरं टोक चिखलाकडे निघालं होतं. ते भाऊजींनी झेललं.

एकट्याला ते हलवता येणारं नव्हतंच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं... आणि तो प्रचंड शुभ्र निरोप वाऱ्यावर फडफडला! दोर सुटले. भोंगा असा घुमला की बंदरातल्या साऱ्या खिडक्या थरारल्या.

“दादा, विकायची नाही ‘मधली’,” भाऊजी रडत म्हणाले.

“मी कुठे म्हणतोय विकायची?”

“मग कोण म्हणत होतं?”

“तो वकील!” आणि दादांनी धाकट्याला कापडासकट मिठी मारली.

वहिनी डोळे भरून पाहत राहिल्या. साऱ्या आयुष्याचं सार्थक झालं होतं! धक्का लहान होत गेला, दोन भावांचा एकच पांढरा ठिपका झाला, आणि ‘मधली’ दिमाखात बंदराचा बांध ओलांडून खुल्या समुद्रात शिरली. पहिली मोठी लाट आली. जहाज अगदी हळूच, लाडानं झुललं.

वहिनींनी कठडा घट्ट धरला. चेहऱ्याचा रंग उतरला.

“कप्तान,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “एक लिंबू मिळेल का हो?”