दुसरं मशीन

टी... टी... टी...

गुरुवारची शांत दुपार. माझी पाच वर्षांची मुक्ताई नुकतीच झोपलेली, आणि वीज गेल्यामुळे कपाटातला यूपीएस ओरडायला लागला. मी धावले, तर उघड्या दारात समोरच्या फ्लॅटमधला नवा भाडेकरू उभा.

"अहो, काय ओरडून राहिलं तुमच्या घरात?"

यवतमाळचा अवधूत. आयटीतला. कपाटातलं छोटं मशीन कशाचं ते ऐकून म्हणाला, "क्रिप्टो? म्हणजे जुगारच ना?"

"जुगाराला लिनक्स यावं लागत नाही. हा स्टेकिंग नोड आहे. माझी डिजिटल नाणी तारण ठेवलीत. त्यावर हे मशीन लोकांचे व्यवहार तपासतं आणि दर सहा-सात मिनिटांनी हजेरी लावतं. घड्याळ अचूक लागतं, अपडेट वेळच्या वेळी लागतात, डिस्क भरून चालत नाही..."

"शिकवाल?"

"फुकट नाही. चहा तुमचा."

मग दर गुरुवारी चहा येऊ लागला, आलं जरा जास्तच घातलेला. कमांड लिहिताना त्याची बोटं चुकायची. मी ती उचलून योग्य जागी ठेवायची — आणि माझा हात काढून घ्यायला विसरायची.

हा नोड म्हणजे घटस्फोटानंतर मी एकटीने उभी केलेली एकच गोष्ट. तरी एके दिवशी, पहिलं बंद पडलं तर लावायचं बॅकअपचं मशीन, नोडच्या गुप्त डिजिटल किल्लीच्या प्रतीसकट, मी त्याच्याकडे ठेवायला दिलं.

"लोक घराची किल्ली देतात," तो हसला.

"ही त्याहून मोठी आहे. नीट ऐका. हजेरी चुकली तर दंड किरकोळ. पण एकाच किल्लीने दोन मशिनं एकदम बोलली, तर जबर दंड आणि कायमची हकालपट्टी. पहिलं बंद असल्याची खात्री नसेल तर—"

"दुसऱ्याला हात लावायचा नाही. कळलं, मॅडम."

जानेवारीत मुक्ताईच्या शाळेचं गॅदरिंग होतं, वारज्यात. बाहेर येऊन फोन पाहिला : नोड दोन तास गप्प, तसा इशारा अवधूतलाही गेलेला, त्याचे चौदा मिस्ड कॉल. उलट फोन केला, तर त्याचा बंद! मुक्ताईला तशीच स्कूटरवर बसवली. इतक्या वेळात कुणीही घाबरून दुसरं मशीन लावलं असतं...

कोथरूडला घरापर्यंत स्कूटर कशी आणली, माझं मलाच माहीत. तो माझ्या दाराबाहेर पायरीवर बसला होता. मांडीवर ते मशीन — सगळ्या वायरी काढलेलं.

"फोनची बॅटरी गेली. पण काही केलं नाही मी. हात लय शिवशिवत होते, बरं का."

मी कुलूप उघडलं. आत पहिलं मशीन चालूच होतं. नुसतं इंटरनेट गेलं होतं. दहा मिनिटांपूर्वी ते परत आलं आणि हजेरी आपोआप सुरू झाली होती. त्याने दुसरं लावलं असतं, तर आता दोन्ही एकदम बोलली असती...

"दोन तास नुसते बसून राहिलात?"

"सहा महिने बसलोय," तो हळूच म्हणाला, "लग्न करता का विचारायचं म्हणून. तुमची खात्री वाटत नव्हती ना..."

"मग आता विचारत बसू नका. हो म्हणतेय मी."

पाठीला फुलपाखराचे पंख लावलेली मुक्ताई आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होती. तिने माझी ओढणी ओढली.

"आई, मग आता मी ह्यांना काय म्हणू?"