दाब, धर, सोड

ही गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर खरी. सिंदीच्या स्टेशनावर उभं करून, गळ्याला हात लावायला लावून विचारलंत तरी मी हेच सांगेन. मी त्या दुपारी तिथंच अंगणात होतो, सगळं या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे अगदी अंगणात नव्हतो. मांडवामागं आचाऱ्याजवळ बसून बुंदी कशी झाली ते पाहत होतो. पण आवाज ऐकू येत होते. बरं, सगळे आवाज नाही. पण प्रभाकररावांनी नंतर मला सगळं सांगितलं, आणि तो माणूस कापसाचा भाव सोडला तर कशाबद्दलच खोटं बोलत नसे. तेव्हा गोष्ट खरीच. नीट टेकून बसा. कंदिलाची वात थोडी खाली करा, डोळ्यावर येते.

प्रभाकररावांची सिंदी रेल्वेत कापसाची अडत. साल अठ्ठ्याहत्तर असेल, नाहीतर एकोणऐंशी. गावात जीप होत्या, जुन्या ॲम्बेसेडर होत्या, पण इम्पाला एकच, प्रभाकररावांची. काळीभोर, आत लाल गाद्या, स्टिअरिंग डावीकडं. गल्लीत शिरली की माणसं आपणहून ओट्यावर चढायची, एवढी रुंद.

ती त्यांनी नागपूरच्या एका शेठजींकडून घेतली होती. घेताना कुणीतरी सांगितलं होतं, की शेठजींचा ड्रायव्हर तानबा याच गाडीत गेला. अपघातात नाही. शेठजी एका लग्नाला गेले, उतरताना म्हणाले, "तानबा, बस इथंच, मी येतोच." दिवस वैशाखाचे, गाडी उन्हात. शेठजींना जेवणात, गप्पांत उशीर झाला. तानबा सांगितल्या शब्दाचा पक्का. बसून राहिला. शेठजी परत आले तेव्हा तो तसाच बसलेला होता, हात स्टिअरिंगवर, इस्त्रीची घडीसुद्धा न मोडलेली.

प्रभाकररावांनी ऐकलं आणि हसले. "लोखंडाले का भूत लागते गा?" म्हणाले.

त्यांच्या थोरल्या मुलीचं, कोकिळाचं, लग्न ठरलं सेलूला. कोकिळा लहान असताना रेल्वेच्या पुलावरून मोटारी पाहायची आणि बाप तिला खांद्यावर घेऊन म्हणायचा, "तुले असल्याच गाडीत सासरी धाडीन." आता तशी गाडी दारात होती. आणि लग्नाला आठवडाही उरला नसताना रेल्वेच्या फाटकाशी प्रभाकररावांनी ब्रेक दाबला, तो पाय सरळ तळाला. गाडी फाटकाच्या दांड्याला टेकून उभी राहिली. पलीकडून मालगाडी धडधडत गेली.

लग्नसराईचे दिवस. नागपूरचा मिस्त्री यायला तयार नाही, आणि ब्रेक नसलेली गाडी तिकडं नेणार कोण? प्रभाकरराव तरुणपणी जिनिंगच्या ऑइल इंजिनाशी खेळलेले. म्हणाले, मीच बदलतो. ब्रेकचे शू, लायनर, तेलाचे डबे, सगळं नागपूरहून मागवलं. घरातल्या बायका हळद कुटत होत्या तेव्हा हे अंगणातल्या निंबाखाली चाकं खोलत होते.

हळदीच्या दुपारी काम जवळजवळ संपलं होतं. सेलूहून नवरदेवाची उष्टी हळद आली, नवरीला लागली, आणि जेवणं होऊन सगळं घर आडवं झालं. वैशाखातली आमच्याकडची दुपार तुम्हाला माहीत आहे. कुत्रंसुद्धा नालीत जाऊन निजतं. पत्र्यांचा मधेच एक टक् आवाज, निंबाची वाळली पानं अंगणभर, आणि बाकी काही नाही.

राहिलं होतं ते नळ्यांतली हवा काढायचं. ब्रेक खोलले की तेलाच्या नळ्यांत हवा शिरते, आणि हवा असली की ब्रेक लागत नाही. हे काम एकट्याचं नव्हे. एक माणूस गाडीत बसतो, एक खाली निजतो. खालचा म्हणतो "दाब", वरचा पायडल दाबतो. खालचा म्हणतो "धर", वरचा धरून ठेवतो; खालचा चाकामागचा छोटा नट सैल करून हवा-तेल सोडतो, पुन्हा आवळतो. मग म्हणतो "सोड". खालच्याला वरचा दिसत नाही. सगळं आवाजावर.

वर बसला होता ओमप्रकाश, शेजारचा किराणावाला, प्रभाकररावांचा लहानपणापासूनचा दोस्त. हा मदत कमी आणि बडबड जास्त करायचा.

"दाब."

"दाबला. भाऊ, आचारी बुंदीत तूप कमी टाकून राह्यला, सांगून ठेवतो."

"धर."

"धरला. आणि तो तुझा साळा, त्यानं काल मले..."

"ओम्या, सोड म्हणलं नाई मी! काऊन सोडला?"

"पाय दुखते यार! मी का घाण्याचा बैल हाये?"

मागची दोन्ही चाकं अशीच भांडत भांडत झाली. प्रभाकरराव सरपटत पुढच्या चाकाकडं आले. अंगाला हळद, हातांना काळं तेल, पाठीखाली गोणपाट. डोळ्यांत घाम जात होता. त्यांनी विचारलं, "बसला का नीट?"

वर गादीची स्प्रिंग कुरकुरली.

"दाब."

"दाबलं."

आवाज हळू होता. थकला बिचारा, प्रभाकररावांना वाटलं. बरंच झालं.

"धर."

"धरलं."

नट सैल केला. तेलात बुडबुडे आले. ओमप्रकाशचा पाय कधी एवढा स्थिर नव्हता. नट आवळला.

"सोड."

"सोडलं."

दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. एकदाही चूक नाही, एकदाही बुंदी नाही, साळा नाही. काम इतकं सुरेख चाललं की प्रभाकररावांना मधेच मजा वाटू लागली, गाणं म्हणावं तशी. फक्त एक वास येत होता. ब्रेकच्या तेलाचा नाही, तापल्या पत्र्याचा नाही. नुकती इस्त्री फिरवलेल्या कापडाचा.

शेवटचं चाक. "दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

तेल स्वच्छ आलं. एकही बुडबुडा नाही. प्रभाकररावांनी नट घट्ट आवळला, मान वळवली, आणि गाडीखालून त्यांना ओट्याकडून येणारे पाय दिसले. जाड टाचा, निळ्या पट्ट्याच्या चपला.

"घे, मठ्ठा घे," ओमप्रकाशचा आवाज आला. "एकटाच कोनासंग बोलून राह्यला बे?"

प्रभाकररावांनी वर गाडीच्या तळाकडं पाहिलं, मग पुन्हा त्या चपलांकडं.

"वहिनीनं बोलावलं म्हणून गेलतो आत. तिथं डोळा लागला. ...भाऊ? ऊन लागलं का तुले?"

ते बाहेर आले ते कोपरं सोलवटून. गाडीत पाहिलं. लाल गादी रिकामी. पण ब्रेकचं पायडल दबलेलं होतं. तसंच, जाग्यावर, कुणी पाय ठेवून बसल्यासारखं.

ओमप्रकाशनं वाकून हातानं ओढून पाहिलं. हललं नाही. "स्प्रिंग तुटली असन," तो म्हणाला. पण हात चटकन मागं घेतला आणि सदऱ्याला पुसला. मांडवातून गडी बोलावले. गाडी न्यूट्रलला टाकून सगळ्यांनी जोर लावला. चारही चाकं जमिनीला शिवल्यासारखी. गडी दम टाकत निघून गेले.

तोवर देवकाबाई ओट्यावर आल्या होत्या. प्रभाकररावांची बायको. शांत बाई, लग्नघरात सगळे ओरडत असताना तिचाच तेवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "काय झालं सांगा. सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "तुमी त्याले धर म्हणलं. सोड म्हणलं का?"

"नाई."

"मंग तो काऊन सोडन?"

ओमप्रकाश मधे पडला. "वहिनी, मी म्हणतो गाडी राहूद्या. माझ्या भावाची जीप हाये..."

"आणि हे असंच धरून बसलेलं मी दारात ठेवू? घरात पोरगी हळदीच्या अंगानं निजली हाये. हळदीच्या अंगाले बाहेरचं लवकर लागते." मग नवऱ्याकडं वळून, अगदी हळू, "जा. मोकळं करा त्याले."

प्रभाकरराव पुन्हा गोणपाटावर निजले. खिडकीतूनही सांगता आलं असतं. पण ज्या जागेवरून 'धर' म्हटलं तिथूनच 'सोड' म्हणावं, असं त्यांना वाटलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. खाली तापल्या लोखंडाची धग होती. इस्त्रीचा वास आता अगदी नाकाशी होता.

ते म्हणाले, "सोड."

वर ओमप्रकाश खिडकीशी उभा होता. त्यानं पाहिलं: पायडल सावकाश वर आलं. त्यानं ऐकलं मात्र काही नाही. प्रभाकररावांनी ऐकलं.

"सोडलं."

एक निंबोळी टपावर पडली. आणि मग, तोच हळू, अदबीचा आवाज...

"...उतरू का?"

प्रभाकररावांनी डोळे मिटले. नको म्हणावं, तर उद्या याच गादीवर कोकिळा बसणार, आणि हे तिच्यासोबत सेलूला जाणार. हो म्हणावं, तर हे इथं उतरणार, आणि मधल्या खोलीत ती हळदीच्या अंगानं झोपलेली. गप्प राहावं, तर हे विचारत राहणार. नाहीतर वाट पाहत राहणार, आणि वाट पाहणं त्याला किती जमतं ते त्यांना कळून चुकलं होतं. उद्या दिवसभर पोरगी त्यांच्या डोळ्यांसमोर असणार होती. परवापासून नसणार होती. राखायची तर इथंच राखता येणार होती.

"उतर," ते म्हणाले.

दार उघडल्याचा आवाज. गाडी वरचं ओझं गेल्यासारखी किंचित उचलली गेली. प्रभाकररावांनी मान वळवून त्या बाजूला पाहिलं. पाय दिसले नाहीत. पण निंबाचं एक वाळलं पान चुरलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. पानं ओट्यापर्यंत चुरत गेली, पायरीशी थांबली. पायरीवर देवकाबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर आवरला आणि अंग चोरून बाजूला झाल्या.

प्रभाकररावांनी आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. काय सांगावं ते सुचलं नाही.

देवकाबाई त्या रात्री कोकिळाला कुशीत घेऊन निजल्या, दोघींमध्ये राखणीला लोखंडी अडकित्ता. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. कोकिळा इम्पालात बसून सेलूला गेली, बापानं स्वतः चालवत नेली. ब्रेक असे लागायचे की मागं बसलेल्याच्या हातातलं पाणी हिंदकळू नये. कोकिळा सुखात आहे, लेकराबाळांची आहे. सेलूला गेलात तर पोहे खाल्ल्याशिवाय ती तुम्हाला उठू देणार नाही.

सिंदीच्या घरात मात्र माणसं जरा वेगळी बोलू लागली. पाहुणा आला तर देवकाबाई आधी त्याचं नाव घेत, मगच 'बसा' म्हणत. मांजराला कुणी नुसतं 'ये' म्हणत नसे. एकदा प्रभाकरराव हिशेब करता करता स्वतःशीच "चल, पाहू" म्हणाले, आणि मग संध्याकाळभर ओट्यावर बसून राहिले, आत गेले नाहीत.

आता कबूल करतो. यात एक गोष्ट मी पदरची घातली. तानबा. तानबा नावाचा ड्रायव्हर नव्हताच. शेठजी गाडी स्वतः चालवायचे, ते चांगले धडधाकट होते, आणि त्या गाडीत कधी कुणी मेलं नाही. पण गोष्ट सांगितली की ऐकणारा विचारतो, "मग ते होतं कोण?" नाव दिलं की त्याला बरं वाटतं, तो घरी जाऊन झोपतो. म्हणून दिलं.

बाकी सगळं जसंच्या तसं. ते उतर म्हटल्यावर उतरलं. पुढं काय करायचं, ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.