ओहोटीला अजून एक तास

"तुमचं चालू द्या, मला घाई नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "फक्त... तुम्ही हलल्याशिवाय मला हलता येत नाही."

मी खडकातल्या डबक्यावर वाकले होते. मान वळवून पाहिलं. भुरभुर पावसात एक उंच माणूस उभा होता, गळ्यात नारिंगी रुमाल, भुवयांवरून पाणी ओघळत होतं. कधीपासून उभा होता कोण जाणे.

"का बरं?"

"मी शेपूट आहे."

मी त्या दिवशी पहिल्यांदाच या मंडळींबरोबर चालायला आले होते, त्यामुळे मला नियम ठाऊक नव्हता. आमच्या रविवारच्या रांगेत एक जण पुढे असतो, वाट दाखवणारा, आणि एक जण अगदी शेवटी. तो शेपूट. शेपटानं कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही.

"मग पुढच्यांना निरोप द्या," मी म्हटलं, "एका बाईला समुद्रफूल सापडलंय, वेळ लागेल."

"कसा देऊ? पुढे जाता येत नाही ना." तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. "दाखवा तरी. इतका भिजलोय त्याच्यापायी."

पावसाच्या थेंबांनी डबक्यातलं काही दिसेना. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि पाण्यावर आडवी धरली. थेंब टोपीवर पडू लागले, पाणी स्थिर झालं, आणि तळाशी ते लालसर फूल हळूहळू उमललं. त्याचे केस मात्र चिंब झाले. मी फुलाकडे बघत होते असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं.

त्याचं नाव फर्गस. सुतार, होड्यांची डागडुजी करणारा. तो उन्हाळा आणि पुढचा हिवाळा मी रांगेत सगळ्यात हळू चालत होते. त्याला थांबावं लागायचं. तो कुरकुर करायचा, आणि थांबायचा.

मग नोरीनचा गुडघा बिघडला. आमची रांग त्यांनीच सुरू केलेली, पुढे नेहमी त्याच. त्या म्हणाल्या, "आता टॅमसिन पुढे चालेल. पोरीच्या डोक्यातच समुद्र आहे." मी कालवांची पिल्लं वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, भरती-ओहोटी रोजच बघावी लागते. नाही म्हणायला कारण नव्हतं. खरं कारण होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून मी पुढे, तो मागे. मध्ये सगळी माणसं, झुडपं, वाळूच्या टेकड्या. वाटेला फाटा फुटला की शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचं, एवढीच आमची भेट.

"पोचले का सगळे?" मी विचारायची.

"मोजून आणलेत. एकही खाल्ला नाही," तो म्हणायचा. की मी परत पुढे.

या वसंतात त्यानं अशाच एका फाट्यावर बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं, की दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर सुतार हवा आहे, वर्षभरासाठी. होबार्टहून गुरुवारी जहाज सुटतंय.

"छान," मी म्हटलं.

"छानच आहे," तो म्हणाला.

नाडी बांधून कधीच झाली होती. तो तरी वाकलेलाच राहिला...

जहाजाआधीचा रविवार म्हणजे त्याची शेवटची वाट. ती मीच आखली. खाडीचं तोंड पूर्ण ओहोटीला चालत ओलांडायचं, पलीकडच्या लांब पुळणीवरून गावात उतरायचं. भरती-ओहोटीचा तक्ता पाहून वेळ ठरवली आणि आदल्या संध्याकाळी सगळ्यांना कळवली.

सकाळी खाडीवर पोचलो, तर पाणी कमरेएवढं.

मी बघत राहिले. चूक एका क्षणात समजली. त्याच पहाटे उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे गेली होती. फोनमधलं घड्याळ आपोआप बदलतं, तक्ता बदलत नाही. त्यातल्या वेळेत तास मिळवायचा हे इथलं शाळकरी पोरही जाणतं. एरवी मीच सगळ्यांना आठवण करून देते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तासभर थांबावं लागेल."

"थांबू की," म्हणत नोरीननी सतरंजी पसरली. टॉवेलात गुंडाळलेली शिंपल्यांची पाई निघाली, अजून गरम. एरवी पाई गावात पोचल्यावर मिळते. आमचे निवृत्त पोस्टमन लायनेल घडीची खुर्ची उघडून आरामात बसले. त्यांना मी आजवर पाण्याच्या बाटलीपलीकडे काही उचलताना पाहिलं नव्हतं. पण तेव्हा मला कशाचंच भान नव्हतं. रांगेच्या टोकाकडून नारिंगी रुमाल माझ्याकडे येत होता.

आम्ही पाण्याच्या कडेला गेलो. मी एक काठी उथळ पाण्यात रोवली.

"ही कोरडी झाली की निघायचं," मी म्हटलं.

"बरं, बाईसाहेब." तो वाळूत बसला. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला होता. त्यानं टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. "तू कधी चुकत नाहीस."

"आज चुकले. मीठ चोळू नकोस."

"चोळत नाही. मला कालच दिसलं होतं."

"काय?"

"तुझा निरोप आला तेव्हाच. म्हटलं, ही तास मिळवायला विसरली."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो काठीकडे बघत राहिला. "सांगणार होतो. फोन हातात घेतला, आणि... खाली ठेवला. तू पुढे, मी मागे. उद्याही तू पुढेच असशील, आणि मी तुझी पाठ बघत बघत निघून जाईन. म्हटलं, समुद्र एक तास देतोय, तर आपण कशाला नाही म्हणायचं?"

माझ्या कामात मोजल्याशिवाय बोलायचं नसतं. पण हे मोजायला काही साधन नव्हतं, आणि काठीभोवतीचं पाणी उतरत चाललं होतं.

"फाट्यावर मी थांबते ना," मी म्हटलं, "ते सगळे येईपर्यंत नाही थांबत. तुझा रुमाल दिसेपर्यंत थांबते."

"मी शेवटी असतो, टॅमसिन. दोन्ही एकच झालं."

"एकच नाही."

तो हसायला लागला, मग थांबला. "नाही," तो हळूच म्हणाला. "एकच नाही."

त्याच्या हाताला वाळू लागली होती, माझ्याही. मध्ये ती खरखरत राहिली, आम्ही कुणीच झटकली नाही.

"जाऊ नको म्हणशील?"

"नाही म्हणणार. जा. वर्षभराचंच काम आहे. मी इथेच आहे, आणि वाट बघायची मला सवय झालीय."

"माझ्यामुळे?"

"तुला वाटतं, तू एकटाच कुणासाठी थांबलास?"

मागून नोरीनची शिट्टी वाजली. "काठी केव्हाची कोरडी झालीय, पोरांनो. आता भरती यायची का वाट बघताय?"

खरंच, काठी ओल्या वाळूत उभी होती, आणि पाणी कितीतरी पुढे गेलं होतं. मी घाईनं उठले. तेव्हा कुठे माझं लक्ष सतरंजीकडे, रिकाम्या पाईच्या थाळीकडे, लायनेलच्या खुर्चीकडे गेलं.

"नोरीन... तुम्हालाही ठाऊक होतं?"

"अगं, पन्नास वर्षं ही खाडी ओलांडतेय मी."

"मी तर दोनदा हिशेब केला," लायनेल खुर्ची मिटता मिटता म्हणाले. "म्हटलं टॅमसिन चुकेल कशी? मग नोरीनला फोन केला. ती म्हणाली, तोंड बंद ठेव आणि खुर्ची आण."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. या माणसांनी कधी एक शब्द विचारला नव्हता. एका तासाची झोप गमावून, पावसात भिजत, गरम पाई घेऊन ती माझी चूक पार पाडायला आली होती. धन्यवाद म्हणायला मी तोंड उघडलं.

"पुरे," नोरीन म्हणाल्या. "पुढे आज मी चालते, गुडघा गेला खड्ड्यात. तुम्ही दोघं शेपूट."

बूट गळ्यात अडकवून आम्ही पाण्यात उतरलो. थंडगार पाणी पोटऱ्यांपर्यंत, फर्गसच्या हातात माझा हात. पलीकडे पोचल्यावर त्यानं नारिंगी रुमाल सोडला आणि माझ्या गळ्यात बांधला, वर्षभर सांभाळायला. पुढची मंडळी पुळणीवर लहान लहान होत गेली. एकानंही मागे वळून पाहिलं नाही.

"पुढच्या वर्षी तू येशील तेव्हा," मी म्हटलं, "तास नक्की मिळवीन."

"नको मिळवूस," तो म्हणाला.