पुसलेले छत्तीस फोटो

टॉर्च बंद करा आधी. लेन्समध्ये उजेड शिरला तर रात्रभराच्या ताऱ्यांची माती होईल. हां, असं. आता पहाटेपर्यंत कॅमेरा आपलं काम करेल आणि आपल्याला दुसरा उद्योग नाही. मघाशी कोणीतरी विचारलंत ना, काका, तुम्ही टाइमलॅप्सच्या कॅमेऱ्याकडे पाठ का करत नाही? सांगतो. ऐकीव गोष्ट नाही ही. जिच्यावर गुदरली ती सात वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. मी आवाज जोडायचो, ती चित्रं जोडायची. नाव राहू दे. ऑफिसात तिला सगळे बारकी म्हणत. चणीने एवढीशी, पण कामाला बसली की दोघांना भारी.

तर बारकी त्या रात्री निघाली ती अगदी साध्या कामाला. एका गच्चीवरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणायचं, बस. सोळा डिसेंबर, शुक्रवार. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं. निघताना मला म्हणाली, "काका, तुम्ही घरी जा. मी कार्ड घेते, रात्रीतच शेवटचे फोटो जोडते, सकाळी तुम्ही संगीत चढवा." मी गेलो घरी.

आमची कंपनी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि पाच माणसं. कारखान्यांच्या फिल्मा करायचो, शाळांच्या करायचो, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचो. आणि टाइमलॅप्स. त्या वर्षी सगळ्यात मोठं काम होतं एका पाच मजली हॉस्पिटलचं. पायाच्या खड्ड्यापासून शेवटच्या दिव्यापर्यंत इमारत उगवताना दाखवायची. रस्त्याच्या अलीकडे एका मावशींचं घर होतं, त्यांच्या गच्चीवर पत्र्याच्या पेटीत कॅमेरा खांबाला जखडून टाकला होता. पुढे काच, मागे कुलूप. दर पाच मिनिटांनी एक फोटो. असे चौदा महिने.

तुम्हाला ठाऊकच आहे, असे फोटो सलग पळवले की चालती-फिरती माणसं माश्यांसारखी चमकून जातात. एका फोटोत असतात, पुढच्यात नसतात. जे हलत नाही, तेवढंच डोळ्याला टिकून दिसतं.

त्या बांधकामावर परांची बांधणारा एक जण होता. सरसर चढायचा, म्हणून त्याला सगळे खार म्हणायचे. बारकी सकाळी कार्ड बदलायला गच्चीवर गेली की पलीकडून ओरडायचा, "ताई, मी हललो तर चालेल का?"

ही इकडून ओरडायची, "हलला नाहीत तर इमारत कधी व्हायची?"

एवढीच ओळख. रस्ता मध्ये ठेवून झालेली.

नऊ जूनला दुपारी परांची कोसळली. खार चौथ्या मजल्यावरून खाली आला. उचलून नेईपर्यंत संपला होता.

कंत्राटदाराने सरळ हात झटकले. म्हणाला, त्याला त्या दिवशी काम दिलंच नव्हतं. पिऊन आला आणि नको नको म्हणताना वर चढला. बाकीचे मजूर खाली मान घालून उभे. पोट प्रत्येकाला असतं.

पण कॅमेऱ्याला पोट नसतं. दुपारी दोन ते पाच, छत्तीस फोटो. बारकीने मोठे करून पाहिले. खार परांचीवर. कमरेला पट्टा. हातात दोरी. शेजारी मुकादम उभा राहून बोटाने काम दाखवतोय. तीन दहाच्या फोटोत खार आहे. तीन पंधराच्या फोटोत परांचीच नाही.

आमचे मालक, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांनी दार लावून घेतलं. "बारके, ती दुपार काढून टाक."

"फिल्ममधून ना?"

"सगळीकडून."

"दादा, कोणी मागितले तर?"

"बॅटरी संपली होती. आपण गोष्टी सांगतो, पंचनामे करत नाही. या कामावर पाच घरं चालतात, तुझं धरून."

मी तिथेच होतो. हेडफोन कानाला लावून बसलो होतो. हेडफोनमध्ये काहीही वाजत नव्हतं. सगळं ऐकलं मी, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. बारकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने ते फोटो पुसले. कॉम्प्युटरवरून, कार्डावरून, सगळीकडून.

आठवड्याभराने खारची बायको जिने चढून वर आली. शिवणकामाला जाणारी बाई, बोटाला अजून अंगठी घातल्यासारखी दोऱ्याची खूण. बसा म्हटलं तरी बसली नाही. "मला फोटो नकोत," म्हणाली, "एकदा दाखवा फक्त. पोराला शाळेत म्हणतात तुझा बाप दारुडा होता. मारामाऱ्या करून येतो रोज. अहो, थेंबालाही शिवत नव्हता तो."

बारकी म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी कॅमेरा बंद होता."

"दिवसभर?"

"दुपारचा."

बाईने मान हलवली. दारात पोचल्यावर म्हणाली, "तो सांगायचा, तो डोळा कधी मिटत नाही म्हणून." आणि गेली.

जुलैत बारकीने महिन्याभराचे फोटो पळवून पाहिले. चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यावर काहीतरी काळपट. इतर सगळं फडफडतंय, ते मात्र स्थिर. तिला वाटलं, सळईवर पोतं अडकलं असेल. ऑगस्टमध्येही ते तिथेच. दादा म्हणाले, "बुजगावणं असेल, कबुतरांसाठी." ठीक. सप्टेंबरमध्ये गिलावा झाला. ऑक्टोबरमध्ये परांची उतरवली. नोव्हेंबरमध्ये दर्शनी बाजूला काच लागली, खालपासून वरपर्यंत, सपाट, गुळगुळीत.

ते तिथेच होतं. काचेच्या बाहेर.

बारकीने मला बोलावून दाखवलं. हळूच म्हणाली, "काका, पाय कशावर आहेत?"

मी म्हटलं, "लेन्सवर डाग असेल." माझाही माझ्यावर विश्वास नव्हता. तिने काच पुसली, लेन्स पुसली, शेवटी लेन्स बदलली. काही उपयोग नाही. मग ती तो कोपरा फोटोगणिक रंगवून झाकायला लागली. सहा आठवडे रोज तेच. गालफडं बसली तिची.

आता त्या सोळा डिसेंबरकडे येतो. शनिवारी अकराला उद्घाटन, तेव्हाच फिल्म दाखवायची. शुक्रवारी रात्री हॉस्पिटलचे सगळे दिवे पहिल्यांदा लावून पाहणार होते, सात ते अकरा. तेवढे फोटो शेवटी हवे होते. म्हणून कॅमेरा अकरापर्यंत चालू ठेवला होता. अकराला आपोआप थांबणार.

पावणेअकराला मावशींनी दार उघडलं. "एवढ्या रात्री गं? वर दिवा गेलाय, जपून जा." बारकी गच्चीत आली. समोर सगळी इमारत दिव्यांनी लखलखत होती. तिने चौथ्या मजल्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा. नुसती काच. तिला हायसं वाटलं. खांबाशेजारी उकिडवी बसून ती शेवटच्या फोटोंची वाट पाहू लागली.

दहा पन्नास. खट्.

दहा पंचावन्न. खट्.

अकरा. खट्.

समोरचे दिवे गेले. सगळे एकदम. रस्ता अंधारात बुडाला. तिने पेटीचं कुलूप काढलं, झाकण उघडलं, हात आत घातला.

खट्.

असेल, एखादा जास्तीचा. ती थांबली.

खट्.

पाच मिनिटं झाली नव्हती. पाच सेकंदही नाही.

खट्. खट्.

तिने बटण दाबलं. कॅमेरा बंद. पडदा काळा.

खट्.

तिने बॅटरी ओढून बाहेर काढली. बॅटरी तिच्या मुठीत होती. गार.

खट्.

तिला उठायचं होतं. उठता येईना. आणि का कोण जाणे, ती मोजायला लागली. सात... आठ... नऊ... मध्ये सारखंच अंतर. श्वास घेतल्यासारखं.

वीस... एकवीस...

मान वर करायची नाही, असं तिने ठरवलं होतं. मान वर झाली.

चौथा मजला. कोपरा. अंधारात त्याहून काळं काहीतरी... काचेच्या बाहेर. उभं.

हलत नव्हतं. हात नाही, पाय नाही, काही नाही. नुसतं उभं. पण तोंड इकडे होतं. हे तिला कसं कळलं ते तिलाही सांगता आलं नाही.

तीस... एकतीस...

"मी पुसले," बारकी म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मीच पुसले. कॅमेरा बंद नव्हता. तुम्ही प्यायला नव्हतात. पट्टा होता तुमच्या कमरेला. मी पाहिलं होतं."

पस्तीस...

छत्तीस.

मग... काही नाही. लांब कुठे कुत्रंसुद्धा नाही. बराच वेळ...

आणि मग एकदा वाजलं.

खट्.

तिच्या डोक्याशी असलेल्या पेटीतून नाही. समोरून. रस्त्याच्या पलीकडून.

ती जिना कशी उतरली, मावशींना काय म्हणाली, काही आठवत नाही तिला. साडेबाराला माझं दार वाजलं. बायकोने उघडलं. बारकी उंबऱ्यात उभी, एका मुठीत कार्ड, एका मुठीत बॅटरी. मुठी उघडेनात. आम्ही एकेक बोट सोडवलं.

कार्ड मी माझ्या लॅपटॉपला लावलं. संध्याकाळचे दिव्यांचे फोटो होते. आणि त्यांच्यामागे दुसरे होते. भर दुपारचे, लख्ख उन्हातले. नऊ जून, दोन वाजल्यापासून चार पंचावन्नपर्यंत. खार, दोरी, पट्टा, मुकादमाचं बोट. छत्तीसच्या छत्तीस.

सकाळी सातला दादा ऑफिसात आले. पाहिलं. खुर्चीत बसले ते बसलेच. शेवटी म्हणाले, "पुन्हा पुस."

बारकी उठली. खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "या वेळी तुम्ही पुसा, दादा. तुमच्या हाताने."

दादांनी माउसवर हात ठेवला. मी हेडफोन लावले नव्हते त्या दिवशी. म्हणालो, "दादा, मी साक्षीदार आहे. या वेळचा आणि त्या वेळचाही." त्यांनी हात मागे घेतला. खोलीबाहेर जाऊन फोन केला, फिल्म तयार नाही म्हणून. ते काम गेलं, कंपनीही पुढे वर्षभरच टिकली. दादांना त्यानंतर कधी कोणी हसताना पाहिलं नाही.

आम्ही दोघं त्या बाईकडे गेलो. एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन. तिने तीन दहाचा फोटो पाहिला. बोट कागदाला लागू न देता त्याच्यावरून फिरवलं.

"पट्टा आहे ना?"

"आहे."

"सकाळी मीच आवळून दिला होता. सैल राहतो म्हणायचा."

बारकी म्हणाली, "वहिनी, हे तेव्हाच होते आमच्याकडे. मी पुसले होते."

बाईने मशीनवरचं कापड सरळ केलं. मग म्हणाली, "फोटो ठेवून जा. तुम्ही जा आता."

माफ केलं नाही तिने. करायचं कारणही नव्हतं. चौकशी नव्याने झाली, मुकादमाचं तोंड उघडलं, आणि कागदावर लिहिलं गेलं की तो कामावर होता आणि शुद्धीत होता. पोराने तो कागद वर्गात नेऊन दाखवला म्हणतात. बारकीने हे काम सोडलं. आता ती लहान मुलांना चित्रकला शिकवते. कॅमेरा हातात घेत नाही.

तुम्ही म्हणाल, कार्डावरून पुसलेलं कधीकधी परत मिळतं. मलाही जाणकारांनी तेच सांगितलं. कार्ड जुनं होतं, पुसून पुसून वापरलेलं. मिळत असेल. छत्तीस फोटोंचं मी मान्य करतो.

पण त्या दिव्यांच्या फोटोंमागे सदतीस होते.

शेवटचा मी एकट्यानेच उघडला. बारकी तेव्हा आत माझ्या बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिला आजवर दाखवलेला नाही. वेळ, रात्रीचे अकरा वाजून चार मिनिटं. फोटो उंचावरून काढलेला, रस्त्याच्या पलीकडून, चौथ्या मजल्याच्या उंचीवरून. खाली रस्ता. रस्त्याच्या अलीकडे मावशींची गच्ची. गच्चीत खांबाला टेकून बसलेली बारकी, तोंड वर केलेलं. बॅटरी मुठीत. तिच्या डोक्याशी उघडी पेटी.

आणि पेटीत, या फोटोच्या लेन्सकडे लेन्स करून, तोच कॅमेरा.