पळसाचा जयदेव

सकाळी दहाच्या सुमारास मी कोयता घेऊन चामटोलीच्या टेकडीवर पळसाची पानं आणायला गेलो, तिथून सांगतो. बसा नीट. मध्ये मध्ये विचारू नका, माझी तार तुटते.

माझा पुतण्या जयदेव आणि शेजारच्या बनूबाईचा कमलेश, दोघंही अंबरनाथला एका कंपनीत पंपफिटर. ठेकेदाराने त्यांना दीड दिवसाच्या वाटेवरच्या एका कोळशाच्या खाणीत नेलं, जमिनीखाली साठणारं पाणी उपसायला. डिसेंबरात बाजूच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणीचं पाणी भिंत फोडून आत आलं. बाकीचे धावत वर आले. पंपाजवळचे हे दोघं आतच राहिले.

वीस दिवस आमची आळी आवाजावर जगली. पाणी काढायला वर मोठे पंप बसवले होते. ठेकेदाराचा माणूस रोज संध्याकाळी फोन करायचा आणि फोन पंपाजवळ धरायचा. जयदेवची बायको अंजनी स्पीकर चालू करून मोबाईल ओट्यावर ठेवायची. सगळे भोवती बसायचे. घर्र घर्र... घर्र घर्र. तव्यावरची भाकरी टाकून बाया यायच्या. आवाज चालू आहे म्हणजे पोरं आहेत, एवढंच आम्हाला कळत होतं. एकविसाव्या दिवशी फोन आला तेव्हा मागे काहीच वाजत नव्हतं. पंप थांबवलेत, खाणीचं तोंड बंद केलंय, आता आत कुणी जिवंत असणं शक्य नाही, असं खाणीच्या साहेबाने हिंदीत सांगितलं. मला रडू आलं नाही. मी चहा मागितला आणि प्यायलो. त्याची आजही लाज वाटते.

देह मिळाला नाही तर पळसाच्या तीनशे साठ देठांचा माणूस बांधतात. डोक्याला नारळ, अंगावर जवाच्या पिठाचा लेप. मग त्याला अग्नी देतात. हे बांधणं आमच्यात मला एकट्याला येतं, आजोबांनी शिकवलेलं. पण मरण कुणी डोळ्यांनी पाहिलं नसेल तर बारा वर्षं वाट पाहायची, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

बनूबाई माझ्या दारात आली. "सदूभाऊ, सुतक लागत नाय, फिटत नाय. चूल पेटवू का नको, ता पन कलत नाय मना. मोकलं करा आमाला."

"लगेच केलं तर चालतं ना काका?" कमलेशच्या भावाने, संतोषने विचारलं.

मी म्हणालो, "चालतं."

कंटाळलो होतो हो. दुसरं कारण नाही. कुठेतरी संपावं, एवढंच वाटत होतं.

अंजनी तेवढी आडवी आली. "काका, ते कुठंतरी कोरड्यात बसलेत. मला माहितेय. तुम्ही जाळलंत तर..." मी तिच्याकडे न बघता कोयता उचलला.

दुपारी अंगणात बांधायला बसलो. ऊन चांगलं होतं. लांब हायवेवर गाड्यांचे हॉर्न, बाकी आळी गप्प. आधी कमलेशचा बांधला. पीठ लिंपलं, अर्ध्या तासात खडखडीत वाळलं. मग जयदेवचा. देठ मोजून घेतले, दोरे आवळले, नारळ बसवला. पीठ लावताना वास आला. ओल्या कोळशाचा. मी हात हुंगले, हातांना पिठाचाच वास होता.

छातीवरचा लेप वाळला आणि मधोमध तडकला. मी ओलं पीठ घेऊन चीर बुजवली. पुन्हा तडकला. पीठ पातळ झालं असेल म्हणून घट्ट मळलं. तिसऱ्यांदा... त्याच जागी. इतकी वर्षं मी हे बांधतोय, लेप हातापायावर तडकतो, सांध्यांवर तडकतो. छातीवर कधीच नाही.

अंजनी कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"श्वास घेतायत," ती म्हणाली. अगदी हळू. "काका... बघा ना."

मी बघितलं. खोटं कशाला बोलू, मला दिसलं. चीर जराशी उघडत होती, जराशी मिटत होती.

"उन्हाने होतं तसं," मी म्हणालो, आणि वर पांढरं कापड गुंडाळलं.

उचलायची वेळ आली. कमलेशचा संतोषने एकट्याने उचलला. जयदेवच्याला चौघं लागले. देठ आणि नारळ, दुसरं होतं काय त्यात? तरी चौघांच्या माना ताठल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आमच्या बायका स्मशानात येत नाहीत, पण अंजनी नदीपर्यंत मागे मागे आली. कुणी तिला अडवलं नाही. तेवढं त्राण कुणात होतं?

चार वाजता अग्नी दिला. कमलेशचा दहा मिनिटांत झाला. जयदेवला मूल नाही, तेव्हा हातात चूड माझ्या. पहिल्यांदा पेटेना. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी रॉकेल टाकलं आणि भडका उडाला. धूर काळा निघाला, नदीवर सरळ पसरला. आम्ही सगळे दुसऱ्या बाजूला उभे होतो, आमच्याकडे धूर आलाच नाही.

नारळ फुटण्याची वाट बघत होतो. तो फुटलाच नाही. त्याऐवजी जाळातून खोकला आला... एकदाच. माणूस झोपेतून ठसका लागून उठतो, तसा.

"कुणाच्या घशात धूर गेला?" संतोष म्हणाला.

मी चितेत आणखी एक लाकूड टाकलं. हो, टाकलं. थांबवता आलं असतं. नदी दहा पावलांवर होती, घागर होती. माझं अंग दगड झालं होतं, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू.

तेरावा झाला. बनूबाईने चूल पेटवली. मे महिन्यात खाणीतलं पाणी उतरलं, तोंड पुन्हा उघडलं आणि ओळख पटवायला बोलावणं आलं. संतोष, मी आणि अंजनी गेलो. कमलेश पंपाच्या मागेच सापडला होता, कपड्यांवरून ओळखला. संतोष त्याच्यापाशी थांबला.

साहेबाने आम्हा दोघांना वेगळ्या खोलीत बसवलं. समोरचे कागद चाळले. मग म्हणाला, वरच्या अंगाला एक आडवा बोगदा आहे, तिथे पाणी पोचलंच नाही. हवा होती. छतातून प्यायचं पाणी ठिबकत होतं. तिथे जयदेवचे बूट मिळाले, शर्ट-पँट मिळाली, भिंतीला टेकून बसल्यासारखी. बटणं लावलेली. आत राख.

"तिथे आग लागली नाही," साहेब म्हणाला. "आजूबाजूचा कोळसासुद्धा जळलेला नाही. शर्टालाही डाग नाही. तुम्ही घरचे आहात, तुम्हाला काही सांगता येईल?"

अंजनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

राख स्टीलच्या बंद डब्यात दिली. परतीच्या दीड दिवसात तिने तो मांडीवरून खाली ठेवला नाही. पाणीही प्यायली नाही. बदलापूरला उतरून रिक्षात बसलो तेव्हा तिने झाकण काढलं आणि डबा माझ्यापुढे धरला.

"हात लावा."

मी लावला आणि झटकन मागे घेतला. डबा बाहेरून गार होता. आतली राख चुलीतून आत्ता काढल्यासारखी गरम.

"कोरड्यात होते," ती म्हणाली. "मी सांगत होते तुम्हाला."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्याही नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"काका, तुम्हीच लावलीत ना? मग आता तुम्हीच विझवा."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी तिच्याकडे जातो. नदीतून तांब्या भरून नेतो, डब्यात ओततो. चर्रर्र आवाज होतो, वाफ येते, ती बाजूला उभी राहून बघते. दुसऱ्या दिवशी झाकण काढावं तर राख कोरडी, पुन्हा तेवढीच गरम. आजही जाऊन आलो. बोटं बघा माझी.